नाव

त्या शहराचं नाव नाव.
त्यांच्या भाषेत वूच म्हणजे होडी,
आणि होडी तरंगेल एवढं पाणी शहरात कुठे दिसत नाही.
नद्या होत्या. अठरा, असं म्हणतात.
गिरण्यांनी आधी वापरल्या, मग रंगवल्या,
मग वास येतो म्हणून
विटांच्या कमानींखाली पुरून टाकल्या.
आता वरून ट्राम जाते.

बंद पडलेल्या एका गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
दोब्रोमीर कण बनवतो.
दुधाला जे आंबवतं त्याच आम्लाचं पॉलिमर
अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतो,
ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडतो,
आणि पाणी जरासं निळसर, धुरकट होतं.
बस, डोळ्यांना दिसतं ते एवढंच.
केसाच्या रुंदीत आठशे बसतील इतक्या बारीक होड्या,
पोटात औषधाचा कण, पाठीवर किरणांचा दिवा.
शोधायला तीच, मारायलाही तीच.
रात्री वहीत तो लिहितो :
व्यास एकशे चार. पुन्हा करणे.

बोगुमिला चाचणीतली अकरावी.
आजार स्वादुपिंडाचा
(केवढं गोड नाव दिलंय आपण त्या जागेला).
सुई टोचून घेताना तिनं पत्ता विचारला,
ही कुठे करता तुम्ही?
त्यानं सांगितला.
तिसरा मजला? खिडकीपासून चौथी रिंगफ्रेम माझी.
बावीस वर्षं. रात्रपाळी.
कापसाची म्हातारी उडायची दिव्याभोवती,
थुंकी पांढरी यायची.

मग म्हणाली, किती पोचतात?
खोटं बोलता आलं असतं.
शंभरात एक, तो म्हणाला. कधी तीही नाही.
बाकीच्या यकृत गिळतं.
आणि तुमची गाठ म्हणजे, मावशी, भिंतच आहे.

ती हसली, इतकी की सलाइनची नळी हलली.
अरे, शंभरात एक धागा धड निघाला असता
तर मुकादमबाईनं मला खिडकीतून फेकलं असतं!
मग बराच वेळ गप्प.
मग : तुटलेला मात्र आम्ही कधी टाकला नाही.

पडद्यावर यकृत पेटलेलं,
नाताळच्या बाजारासारखं.
त्याच्या शेजारी, जिथे हवा तिथेच,
मोहरीएवढा उजेड.
दोब्रोमीरच्या तोंडून हुश्श निघालं.
आणि तेवढ्यात खाली, मणक्याजवळ, आणखी एक मोहरी,
जिच्याकडे कुणी होडी पाठवली नव्हती.

डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढून पुसला.
तो स्वच्छच होता.
कण बरोबर निघाला होता.
सहा वर्षांत पहिल्यांदाच दोब्रोमीरला वाटलं,
चुकला असता तर.

बातमी तिनं बसून ऐकली.
काही विचारलं नाही.
त्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं, तेच बघत राहिली.
इकडे ये, म्हणाली.
तुटलेली दोन टोकं चिमटीत धरली,
एक पीळ, एक वळसा, नखानं ओढ,
आख्ख्या आयुष्यात अर्धा सेकंद.
सापडते का गाठ?
त्यानं बोट फिरवलं. नाही सापडली.
मग बरोबर बसली, ती म्हणाली.
जिच्यामुळे कापड टिकतं ती हाताला लागत नाही.

त्या रात्री तो चालत घरी गेला.
चौकातल्या लोखंडी झाकणापाशी थांबला,
वाकला,
खाली पाणी वाहत होतं.

होडीचं काय होतं नंतर? तिनं जाताना विचारलं होतं.
विरघळते.
कशात?
थोडं पाणी होतं, थोडा उच्छ्वास.
तुम्ही तो सोडता, कळतही नाही.

तिनं एक मोठा श्वास सोडला होता,
मुद्दाम, त्याच्या तोंडावर.

सकाळी वहीत : व्यास अठ्ठ्याण्णव.
पुन्हा करणे.